बोगार्टची शेवटची नोकरी

हम्फ्री बोगार्ट १९५७च्या जानेवारीत वारला. १९८२ साली त्याला पुन्हा काम लागलं. रिग्बी रिअर्डन नावाच्या एका खासगी गुप्तहेराला तपासात मदत करायची होती. बोगार्टने ते काम आपल्या नेहमीच्या तुटक, कोरड्या आवाजात चोख केलं. तक्रार एकच. तो टाय न लावता येतो, आणि त्यावरून रिग्बी त्याला पुन्हा पुन्हा टोकत राहतो.

हा सिनेमा म्हणजे 'डेड मेन डोन्ट वेअर प्लेड'. शब्दशः सांगायचं तर 'मेलेली माणसं चौकडीचे कपडे घालत नाहीत'. या वाक्याचा अर्थ काय, ते सिनेमात कुणालाच कळत नाही, नायकाला तर नाहीच. दिग्दर्शक कार्ल रायनर, नायक स्टीव्ह मार्टिन. लेखन या दोघांचं आणि जॉर्ज गाइपचं. काळ १९४०च्या दशकातला, चित्रपट कृष्णधवल. मार्टिन टोपी आणि सूट घालून शहरभर हिंडतो, प्रश्न विचारतो. त्याला उत्तरं देतात बोगार्ट, इन्ग्रिड बर्गमन, बार्बरा स्टॅनविक, बर्ट लँकेस्टर, कॅरी ग्रँट, जेम्स कॅग्नी, बेटी डेव्हिस. हे नकलाकार नव्हेत, खरेखुरे तेच. १९४१ ते १९५० या काळातल्या दीड डझनाहून अधिक चित्रपटांतले तुकडे कापून घ्यायचे, त्यांच्यामध्ये नवं चित्रीकरण बसवायचं आणि त्यातून एक अखंड रहस्यपट उभा करायचा, असा हा उद्योग होता.

आपल्याकडे या उद्योगाला जुनं नाव आहे: समस्यापूर्ती. भोजराजा आणि कालिदासाची एक दंतकथा सांगतात. राजाने कवीला शेवटचा चरण दिला. त्यात अर्थच नव्हता, नुसता ठणठणाट होता. कवीने आधीचे चरण असे रचले की राजाच्या स्नानाच्या वेळी तरुणीच्या हातून सोन्याचा कलश निसटतो, जिन्यावरून गडगडत खाली जातो, आणि जाताना जो आवाज करतो तोच तो चौथा चरण. दिलेल्या चरणाला हात लावायचा नाही, फक्त त्याच्या आधी असं काही रचायचं की तो चरण अटळ वाटावा, हा या खेळाचा नियम. रायनर आणि मंडळींनी तोच नियम पाळला. बोगार्ट जे बोलला ते तो चाळीस वर्षांपूर्वीच बोलून गेला होता. आता त्याच्या आधीचा प्रश्न तेवढा शोधायचा होता.

हे दिलेले चरण कुठले, ते आधी पाहायला हवं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना तिथे अमेरिकी चित्रपटांना बंदी होती. युद्ध संपलं आणि १९४६च्या उन्हाळ्यात साचून राहिलेले हॉलीवूडचे चित्रपट पॅरिसमध्ये एकदम लागले. 'द माल्टीज फाल्कन', 'डबल इन्डेम्निटी', 'लॉरा' एकापाठोपाठ पाहताना तिथल्या समीक्षकांना जाणवलं की अमेरिकेचा मूड बदलला आहे. नायक स्वच्छ राहिलेला नाही, बाई विश्वासाची नाही, शेवट गोड नाही, आणि पडद्यावर उजेडापेक्षा अंधारच जास्त आहे. नीनो फ्रँक या समीक्षकाने त्या साली या चित्रपटांना 'फिल्म न्वार' म्हटलं, म्हणजे काळा सिनेमा. हॉलीवूडमध्ये हे चित्रपट करणाऱ्यांना मात्र आपण 'न्वार' करतो आहोत याची कल्पनाही नव्हती. त्यांच्या लेखी ते गुन्हेगारीपट होते, मेलोड्रामा होते, बरेचसे कमी खर्चात उरकायचे.

त्यातला गुप्तहेर आला होता स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या 'ब्लॅक मास्क'सारख्या मासिकांमधून. डॅशिएल हॅमेट हा लेखक स्वतः पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेत नोकरी करून आलेला. रेमंड चँडलर तेल कंपनीतली नोकरी गेल्यावर लिहायला लागला. शेरलॉक होम्स पायाच्या ठशावरून माणूस ओळखायचा. यांचा गुप्तहेर मार खात खात सत्यापर्यंत पोचतो, आणि पोचल्यावरही त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. तो आपली गोष्ट स्वतःच सांगतो. थकलेल्या आवाजात, तिरकस उपमा देत, जणू मध्यरात्री रिकाम्या बारमध्ये बसून.

प्रकाशाची भाषा आली युरोपातून. फ्रिट्झ लँग, रॉबर्ट सिओडमाक, बिली वाइल्डर ही नाझींमुळे देश सोडून आलेली माणसं. जर्मनीतल्या अभिव्यक्तिवादी चित्रपटांच्या लांब, तिरक्या सावल्या त्यांच्यासोबत हॉलीवूडला पोचल्या. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांमधून आलेला उजेड माणसाच्या अंगावर गजांसारखा पडायचा आणि तो कैदेत असल्याचं न बोलता सांगून जायचा. 'डबल इन्डेम्निटी'त छायालेखक जॉन साइट्झने हवेत ॲल्युमिनियमची पूड उडवली, कारण त्या किरणांमध्ये तरंगणारी धूळ दिसायला हवी होती. मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांना या सावल्या परक्या नाहीत. गुरुदत्तचा 'बाजी' आणि राज खोसलांचा 'सी.आय.डी.' याच वळणाचे. पुढे 'प्यासा'त सावल्यांची कविता करणारे व्ही. के. मूर्तीच 'सी.आय.डी.'चे छायालेखक होते.

आणि कथानक? न्वारमध्ये ते बऱ्याचदा गुंताडाच असतं. हॉवर्ड हॉक्सच्या 'द बिग स्लीप'ची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यातल्या मोटार-ड्रायव्हरचा खून कुणी केला, हे पटकथाकारांना उमगेना, म्हणून मूळ कादंबरीकार चँडलरला विचारणा झाली. त्यालाही सांगता येईना. सिनेमा तरीही उत्तम चालला. प्रेक्षक कोड्याच्या उत्तरासाठी आलेच नव्हते. ते आले होते बोगार्टने सिगारेट कशी पेटवली आणि लॉरेन बकॉलने त्याच्याकडे कसं पाहिलं यासाठी. १९८२च्या विनोदवीरांनी नेमकी हीच गोष्ट हेरली. कथानक कसंही असलं तरी चालतं, पण हावभाव, आवाज आणि सावली यांत चूक झालेली चालत नाही.

कल्पना निघाली १९८०मध्ये, जेवणाच्या टेबलावर. मार्टिनने लिहिलेल्या एका वेगळ्याच पटकथेवर बोलणं चाललं होतं. तिच्यात एका जुन्या सिनेमाचा तुकडा वापरावा असं कुणीतरी सुचवलं. मग एकच का, सगळा सिनेमाच तसा का नको, असा विचार पुढे गेला. त्यानंतर लेखकमंडळी जुने चित्रपट बघत बसली. नजर कथेवर नव्हती. हव्या होत्या त्या एका विशिष्ट जातीच्या जागा. एक पात्र बोलतं आहे आणि समोरच्याचा फक्त खांदा किंवा पाठ दिसते आहे, अशा. याला चित्रीकरणात 'ओव्हर शोल्डर' म्हणतात. ज्याची पाठ दिसते त्याचा चेहरा त्या क्षणी प्रेक्षकाला दिसत नसतो. तो कुणीही असू शकतो, स्टीव्ह मार्टिनसुद्धा.

अशी पाठ म्हणजे घबाड. हिचकॉकने 'नोटोरियस'मध्ये कॅरी ग्रँटची ओळख पार्टीत पाठमोरीच करून दिली आहे. बर्गमन त्या आकृतीला पेय ओतून देते, बोलते, आणि तो कोण हे आपल्याला बराच वेळ कळत नाही. रायनरने बर्गमनला आपल्या सिनेमात घेतलं ते याच चित्रपटातून.

पण पाठ मिळाली तरी बोलणं जुळायला हवं. इथे समस्यापूर्ती खरी कठीण होते. १९४९च्या 'द ब्राइब'मध्ये रॉबर्ट टेलर हा सरकारी अधिकारी कार्लोटा नावाच्या काल्पनिक बेटावर विमानांच्या इंजिनांची तस्करी शोधायला जातो. त्याच्याशी बोलायला लठ्ठ, घामेजलेला चार्ल्स लॉटन आहे, गुळगुळीत व्हिन्सेंट प्राइस आहे, आणि घायाळ करणारी एवा गार्डनर आहे. ऐवज मोठा, पण एक अडचण. ही माणसं टेलरला त्याच्या पात्राच्या नावाने हाक मारतात, आणि ते नाव आहे रिग्बी. आता कळेल की मार्टिनच्या गुप्तहेराचं नाव रिग्बी का. आणि आपल्या सिनेमातलं सारं रहस्य कार्लोटा या नावाभोवती का फिरतं, तेही कळेल. 'कार्लोटाचे मित्र' आणि 'कार्लोटाचे शत्रू' अशा दोन याद्या रिग्बीला सापडतात, आणि ही कार्लोटा कोण याचा शोध घेत तो पेरूच्या किनाऱ्यापाशी जातो. कार्लोटा बाई नसून बेट आहे, हे या शोधातच उघड होतं. साधारणपणे लेखक आधी बारसं करतो, मग संवाद लिहितो. इथे संवाद आधीच बोलून झाले होते, बारसं त्यांच्या सोयीने झालं.

वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या स्टुडिओत, वेगवेगळ्या खोल्यांत टिपलेली दोन माणसं एकमेकांशी बोलत आहेत असं आपल्याला वाटतं तरी कसं? साधारण १९२०च्या सुमारास रशियात लेव कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने याचं उत्तर दाखवून दिलं होतं. इवान मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने आलटून पालटून सुपाची वाटी, शवपेटी आणि पलंगावर रेललेली तरुणी यांच्याशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी वासना. अर्थ चित्रात नसतो, दोन चित्रांच्या सांध्यात असतो. तो सांधा आपलं मन भरून काढतं. एक जण डावीकडे पाहतो, पुढच्या चित्रात दुसरा उजवीकडे पाहतो, आणि आपण न सांगता ठरवून टाकतो की ते एकमेकांकडे पाहताहेत. रोजच्या मालिका याच विश्वासावर चालतात. रायनरने तोच विश्वास ताणून चाळीस वर्षं लांब केला.

मात्र मन सांधा भरतं ते बारकावे जुळले तरच. डोळ्यांची उंची, कॅमेऱ्याचा कोन, भिंतीचा रंग, कुठल्या बाजूने दिवा आहे, यातलं एक जरी चुकलं तरी तुकडा ठिगळासारखा उठून दिसतो. छायालेखक मायकल चॅपमन नुकताच 'रेजिंग बुल' हा कृष्णधवल सिनेमा करून आला होता. तरी या कामासाठी त्याला कित्येक महिने प्रयोगशाळेत घालवावे लागले. चाळीसच्या दशकातल्या फिल्मचा कण जाडा, आताचा बारीक. तेव्हाचे दिवे थेट चेहऱ्यावर टाकलेले, कडक कडा असलेली सावली पाडणारे, तर सत्तरच्या दशकानंतरचा उजेड भिंतीवरून, कापडावरून परतवलेला, मऊ. चॅपमनला आपल्या पिढीचं शिक्षण बाजूला ठेवून आजोबांच्या पद्धतीने दिवे लावावे लागले. जॉन डिक्युअरने नेपथ्य जुन्या खोल्यांचे कोपरे पाहून बांधलं. मार्टिनने मात्र ठरवून जुने न्वार पाहायचं टाळलं. बोगार्टसारखं बोलायची सवय जिभेला लागू नये म्हणून. नक्कल केली असती तर सिनेमात दोन बोगार्ट झाले असते.

या खटाटोपातली सगळ्यात सुंदर गोष्ट पडद्यामागे आहे. वेशभूषा एडिथ हेडची. चाळीसच्या दशकात पॅरामाउंटच्या वेशभूषा विभागाची ती प्रमुख होती. 'डबल इन्डेम्निटी'मधली स्टॅनविक, 'नोटोरियस'मधली बर्गमन, 'सॉरी, राँग नंबर'मधल्या अंथरुणाला खिळलेल्या स्टॅनविकचा झिरझिरीत पोशाख, हे सारं तिच्याच हातचं. आठ ऑस्कर मिळवलेल्या या बाईला आता चाळीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच कपड्यांना शोभतील असे कपडे नव्याने शिवायचे होते. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, १९८१च्या ऑक्टोबरमध्ये, ती गेली. हा तिचा शेवटचा सिनेमा, आणि तो तिलाच अर्पण केला आहे. संगीत मिक्लोश रोझाचं. 'डबल इन्डेम्निटी', 'द लॉस्ट वीकेंड', 'द किलर्स', 'द ब्राइब' या चारही चित्रपटांचं पार्श्वसंगीत त्यानेच केलं होतं आणि चारही चित्रपटांचे तुकडे इथे आहेत. चित्रपटासाठी केलेलं हे त्याचं अखेरचं काम ठरलं. थट्टा करायला बसलेल्यांनी थट्टेसाठी मूळ कारागिरांनाच बोलावलं होतं. आणि त्या दोघांनी काम हसत हसत उरकलं नाही. रोझाचं संगीत अगदी गंभीर आहे. पडद्यावर काहीही चाललेलं असो, व्हायोलिनं मात्र शपथेवर सांगतात की कुणाच्या तरी जिवावर बेतलं आहे. विनोद तिथेच पिकतो.

कथा आता थोडक्यात. ज्युलिएट फॉरेस्ट ही देखणी तरुणी रिग्बीच्या कचेरीत येते. भूमिका रेचल वॉर्डची. तिचे वडील शास्त्रज्ञ आणि चीज बनवण्यात तज्ज्ञ, मोटार अपघातात गेलेले. तो अपघात नसून खून आहे असा तिचा संशय. पुढे याद्या, खून, जहाज, बेट, आणि शेवटी चीजवरच्या बुरशीने अमेरिका विरघळवून टाकायला निघालेले नाझी. त्यांचा म्होरक्या खुद्द रायनरच झाला आहे. रहस्यपटाच्या शेवटी खलनायक सगळा कट समजावून सांगतो, हा रिवाज आपल्या परिचयाचा. इथे कट कोण समजावणार यावरूनच खलनायक आणि नायक भांडतात. नायकाला त्याच त्याच दंडावर पुन्हा पुन्हा गोळी लागते आणि ज्युलिएट ती तोंडाने चोखून काढते. चाळीसच्या दशकात हॉलीवूडला मनोविश्लेषणाचं वेड लागलं होतं, प्रत्येक नायकाच्या बालपणात काहीतरी दडलेलं असे. रिग्बीच्या बालपणात वडील झाडलोट करणाऱ्या बाईबरोबर पळून गेले. 'क्लीनिंग वुमन' हे दोन शब्द कानावर पडले की तो पिसाळतो.

पण जास्त हसू येतं ते तुकड्यांच्या जोडणीत. सिओडमाकच्या 'द किलर्स'मध्ये लँकेस्टर अंधाऱ्या खोलीत पलंगावर पडून आहे. मारेकरी येणार हे त्याला ठाऊक आहे, आणि तो पळत नाही. न्वारमधला तो एक अत्यंत खिन्न प्रसंग आहे. रायनरच्या सिनेमात रिग्बी त्याच खोलीत येतो आणि या बिचाऱ्यासाठी आपली खास कॉफी करायला आत जातो. लँकेस्टरची हताशा तसूभरही बदललेली नाही, पण आता वाटतं, हा कॉफीची वाट बघत लोळतो आहे. कॉफी होईपर्यंत मारेकरी येऊनही जातात. 'व्हाइट हीट'मधला कॅग्नी हा आईवेडा दरोडेखोर. तुरुंगात भेटायला आलेल्या आईकडे तो ज्या मायेने पाहतो, ती माया आता विग आणि बायकी टोपी घातलेल्या मार्टिनच्या वाट्याला येते. 'डबल इन्डेम्निटी'त किराण्याच्या दुकानात स्टॅनविक आणि फ्रेड मॅकमरे कुजबुजत खुनाचा बेत करतात. तिथे सोनेरी विग घालून रिग्बीच उभा राहतो.

या प्रसंगांमध्ये एकाही जुन्या नटाची टिंगल नाही, हे लक्षात येतं तेव्हा सिनेमाचा पोत कळतो. कॅग्नी त्याच्या जागी भव्यच आहे. हास्यास्पद ठरतो तो त्याच्यासमोर विग सावरत बसलेला आजचा माणूस. आपल्याकडे 'झेंडूची फुले' लिहिणाऱ्या अत्र्यांनी हेच केलं होतं. ज्यांचं विडंबन करायचं त्यांचं वृत्त, त्यांचे लाडके शब्द, त्यांचे उसासे आधी अंगात मुरवायला लागतात. ज्याला कविता कळलेली नाही त्याला तिची नक्कल करता येत नाही. स्तुती वरवर वाचूनही करता येते, विडंबनाला ती सवलत नाही.

न्वारची थट्टा हा काही १९८२चा शोध नव्हे. न्वार ऐन भरात असताना, १९४७मध्ये, बॉब होपने 'माय फेव्हरिट ब्रुनेट' काढला होता आणि त्यात ॲलन लॅड स्वतः कणखर गुप्तहेर बनून क्षणभर डोकावून गेला. रायनरच्या सिनेमात हाच लॅड 'धिस गन फॉर हायर'मधून येऊन रिग्बीवर गोळी झाडतो. फरक एवढाच की तो १९६४मध्येच वारला होता. रायनरचा सिनेमा निघाल्यानंतरच्या वर्षी याच वळणाचा वुडी ॲलनचा 'झेलिग' आला, आणि १९९४मध्ये 'फॉरेस्ट गम्प'ने संगणकाच्या मदतीने टॉम हँक्सचा हात केनेडींच्या हातात दिला. तिथे राष्ट्राध्यक्षांचे ओठही नव्या शब्दांप्रमाणे हलवले गेले. आज कुठल्याही मृत नटाच्या तोंडी काहीही घालता येतं. ते पाहून आश्चर्य वाटतं, पण समस्यापूर्तीचं सुख मिळत नाही, कारण चरणच बदलायची मुभा मिळाली की पूर्तीत कौशल्य कसलं?

सिनेमात उणिवा आहेत. एकच युक्ती जवळपास दीड तास वापरल्यावर मध्ये दम लागतो, आणि काही तुकडे केवळ मिळाले म्हणून घुसवल्यासारखे वाटतात. मूळ चित्रपट न पाहिलेल्याला अर्धी गंमत कळणारही नाही. पण हा तोटा उलट्या बाजूनेही उपयोगी पडतो. हा सिनेमा पाहून झाल्यावर 'द ब्राइब' मिळवून बघा. चांगला, पण विसरला गेलेला चित्रपट आहे. घामाने निथळणारा लॉटन पुढे झुकतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, रिग्बी. समोर रॉबर्ट टेलरची रुंद पाठ आहे, हे तुम्हाला माहीत असतं. तरीही कॅमेरा वळेपर्यंतच्या त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही स्टीव्ह मार्टिनची वाट पाहता, आणि टेलर दिसला की जरासे हिरमुसता.